शेपटाचे दोन मानकरी

वासणा रोड, बडोदे
६ डिसेंबर २०१५, रविवार

ती. ताई,

नमस्कार. तुझं पत्र कधीच आलं, उत्तर आज लिहितोय. पूर्वी रविवारची सकाळ पत्रांसाठी मोकळी असायची, ती आता मोकळी राहिलेली नाही. मी सायकल चालवतो. हसू नकोस. एकोणसत्तराव्या वर्षी, डोक्यावर प्लॅस्टिकचं टोपडं बांधून, वासण्याच्या रस्त्याने.

विश्वासचा तो 'परोढ' ग्रुप तुला आठवत असेल. परोढ म्हणजे पहाट. दर रविवारी पन्नासेक माणसं उजाडायच्या आत सायकली काढतात, सिंधरोटला महीच्या काठापर्यंत जातात, तिथे नास्ता करतात आणि परत येतात. ग्रुप विश्वासनेच काढलेला. त्याचे दिवसवार झाल्यावर त्यातला गजेंद्र घरी आला आणि मला बाजूला घेऊन म्हणाला, "काका, भाभी घरमां बेसी बेसीने मांदां पडी जशे. तमे आवशो तो ए पण आवशे." ती आजारी पडेल हे त्याचं काही खोटं नव्हतं. निरू बँकेतून आली की खोलीचं दार लोटून बसायची. हाक मारली की जेवायला यायची, जेवायची, परत दार. मुलगा गेलेल्या सासऱ्याने नवरा गेलेल्या सुनेला काय विचारायचं असतं, मला माहीत नाही. मी हो म्हटलं.

या लोकांत विश्वासने घालून दिलेली एक पद्धत आहे. सगळ्यांच्या मागे एक जण राहतो. ते त्याला पूंछडी म्हणतात, आपण शेपूट म्हणू. शेपटाने कुणालाही मागे टाकायचं नाही. कुणाची हवा गेली, कुणाला दम लागला, की शेपूट त्याच्यापाशी थांबणार. आणि शेपूट पोचल्याशिवाय नास्त्याचे डबे उघडायचे नाहीत. विश्वास स्वतः शेपूट असायचा. आता त्याचं नारिंगी जाकीट मला घातलंय, मान म्हणून.

कसला मान, डोक्याला ताप आहे नुसता. निरूला सायकल धड येत नाही गं. जरा पुढे गेली की उतरते. कधी चेन बघते, कधी बुटाची नाडी. मी शेपूट, मला तिच्या मागे राहायला हवं, म्हणून मी हळू करतो, तर ती आणखी हळू होते. मी थांबतो, ती थांबते. तिकडे नदीकाठी पन्नास माणसं फाफडा-जिलेबीचे डबे मांडीवर घेऊन उपाशी बसलेली असतात. कुणी चकार शब्द बोलत नाही. उलट आम्ही दिसलो की टाळ्या वाजवतात. त्या टाळ्या ऐकल्या की मला मेल्याहून मेल्यासारखं होतं.

ताई, खरं सांगू? मी दमलो. गुडघे बोलतात, कंबर बोलते. शनिवारी संध्याकाळपासूनच वाटायला लागतं, उद्याचा दिवस नसता उगवला तर बरं. पण मी गेलो नाही तर ती जाणार नाही. तेवढ्यासाठी जातो. हे तिला कळता कामा नये. तुला आईची शपथ आहे.

कानाचं यंत्र दुरुस्त झालं का? फोनवर तू "काय? काय?" करतेस आणि मी ओरडून ओरडून शेजारच्या पटेलांना घरातलं सगळं सांगून बसतो. त्यापेक्षा हे बरं.

तुझा,
दत्तू


देवास
१६ डिसेंबर २०१५

चि. दत्तूस आशीर्वाद.

टोपडं बांधलेला तू डोळ्यांसमोर आलास आणि मी एवढी हसले की सूनबाई पाणी घेऊन धावत आली. तिला वाटलं ठसका लागला. यंत्र दुरुस्त झालं नाही, होणारही नाही. लावलं की नुसत्या शिट्ट्या ऐकू येतात. मी ते कपाटात ठेवून दिलंय आणि सुखात आहे.

तुझी कुरकुर वाचली. लहानपणापासून तुझं हेच. घडियाळी पोळेच्या गल्लीतून शाळेला जाताना दोघांची दप्तरं मी उचलायची आणि दमायचास तू. अरे, त्या पोरीवर आभाळ कोसळलंय. ती दर रविवारी घराबाहेर पडते, चार माणसांत बसते, जिलेबीचा तुकडा तोंडात टाकते, हे काय थोडं आहे? गुडघ्यांना तेल लाव आणि मुकाट्याने जात जा.

एक मात्र बोलते. तू सायकलीवर दोन पानं लिहिलीस आणि विश्वासवर एक ओळ नाही. माझा भाचा होता तो, तुझा तर मुलगा. पोटात ठेवू नकोस रे. मला ऐकू येत नाही, पण वाचता येतं.

संक्रांतीचा तिळगूळ निरूच्या नावाने पाठवते आहे, सोबत चार ओळी. घाबरू नकोस, तुझं काही सांगत नाही. सायकलीची गोडी लागली हे ऐकून आनंद झाला, एवढंच लिहीन.

तुझी ताई


बडोदे
१७ जानेवारी २०१६, रविवार

ती. आत्या,

निरूचा नमस्कार. तिळगूळ वेळेवर पोचला. पाकिटावर तुम्ही नावामागे सौ., श्रीमती असं काही न लावता नुसतं 'निरुपमा' लिहिलंत. बाकीची पत्रं उघडायच्या आधी मी त्या एका जागेकडे बघते, कुणी काय लावलंय ते. तुमच्या पाकिटाने फार बरं वाटलं.

पण आतलं वाचून मी स्वयंपाकघरात खाली बसले. 'सायकलीची गोडी लागली हे ऐकून आनंद झाला.' आत्या, मला सायकल आवडत नाही. कधीच आवडली नाही. विश्वास होता तेव्हा तर मी तिला माझी सवत म्हणायचे. आठवडाभर आम्ही दोघं नोकरीत, आणि रविवार उजाडला की हा गायब. दुपारी यायचा तो थकून, जेवून झोपायला. मी भांडायचे. तो म्हणायचा, "पुढच्या रविवारी नक्की." त्याने मला त्याचा एक रविवार दिला नाही, आणि आता गेल्यावर माझे सगळे रविवार घेऊन बसलाय. असं लिहू नये, माहीत आहे. पण तुम्हाला नाही तर कुणाला लिहू?

मी जाते ती नानांसाठी. गजेंद्रभाई बँकेत भेटायला आले होते. म्हणाले, "भाभी, काका साव एकला पडी गया छे. तमे पाछळ पाछळ रहेजो, तो ए आवशे." नाना तेव्हा दिवसभर झोपाळ्यावर बसून असायचे. झोपाळा हलायचासुद्धा नाही. मला भीती वाटली. म्हणून सायकल काढली, विश्वासचीच.

नानांना ते नारिंगी जाकीट घालून सगळ्यांच्या मागे ठेवलंय, आणि त्यांच्याही मागे मी, त्यांच्यावर लक्ष ठेवायला. आता हे जमणार कसं? ते इतके हळू चालवतात की मला तोल सांभाळता येत नाही. मग मी उतरते, चेन बघितल्यासारखं करते. माझी चेन आजपर्यंत एकदाही पडलेली नाही. आज तर हद्द झाली. उतरायण झालं ना, म्हणून सिंधरोट सोडून गावात गेलो होतो, झाडांवरची, तारांवरची पतंगांची दोरी काढायला. पक्षी अडकतात तिच्यात. लहरीपुऱ्यात आमच्यामुळे अख्खा ग्रुप खोळंबला. गजेंद्रभाईंच्या घरच्यांनी सेवउसळ करून ठेवली होती, ती गार झाली. तरी आम्ही पोचल्यावर सगळे उठून उभे राहिले. एक जण म्हणाला, "तुम्ही दोघं आलात की विश्वासभाई आल्यासारखं वाटतं." मला ओरडावंसं वाटलं, नका ना वाटून घेऊ.

मी थकलेय, आत्या. पण नाना जातात, त्यांचा जीव रमतो, म्हणून चाललंय. त्यांना यातलं काही कळवू नका. तुम्हाला माझी शपथ.

तुमची,
निरू


देवास
२७ जानेवारी २०१६

चि. निरुपमेस आशीर्वाद.

तुझं पत्र तीनदा वाचलं. पहिल्यांदा रडले, दुसऱ्यांदा हसले, तिसऱ्यांदा काय करावं ते कळेना. म्हातारीला सगळं कळतं असं तुम्हाला वाटतं, तसं काही नसतं बरं.

विश्वासवर रागावतेस त्यात गैर काय? माझे यजमान जाऊन बारा वर्षं झाली, अजून मी महिन्यातून एकदा त्यांना फैलावर घेते. जिवंत असताना ऐकून घेत नव्हते, आता बिचारे कुठे जातील.

सायकलीचं म्हणशील, तर लगेच काही तोडू नकोस. दत्तूचा स्वभाव तुला माहीत आहे, एकदा बसला की बसला. आठवड्यातून एक दिवस तुम्ही दोघं बरोबर बाहेर पडता, एका वाटेने जाता, हेही काही कमी नाही. शाळेच्या गॅदरिंगला स्लो सायकलिंगची शर्यत असते, तशी समजून काढ थोडे दिवस. उन्हाळा आला की ऊन आपोआप बंद करेल. तोवर बघू.

शक्तीचं काही औषध घेतेस का? अक्षरावरून थकलेली वाटतेस.

तुझी आत्या


बडोदे
७ फेब्रुवारी २०१६, रविवार

ती. ताई,

हे पत्र वाचून फाडून टाक.

आज पडलो. फारसं लागलं नाही, कोपर सोललं आहे. पुलाच्या अलीकडे डावीकडच्या गल्लीतून रिक्षा आली. रिक्षा म्हणजे काय मुंगी आहे का न दिसायला? पण मला दिसली नाही. हँडलला घासून गेली. निरू मागून धावत आली, पांढरीफटक पडली होती. मी म्हटलं, खड्डा होता. तिने रस्त्याकडे बघितलं, खड्डा नव्हता. माझी सायकल उचलून उभी केली.

मला झामर आहे. तुमच्याकडे काचबिंदू म्हणतील. दिवाळीनंतर कळलं. समोरचं स्वच्छ दिसतं, पेपर वाचतो, पण डावीकडचं गेलंय. पडदा ओढल्यासारखं नाही, काळोखही नाही, तिकडे काही असतं हेच कळत नाही. डॉक्टर म्हणाला, गेलं ते येणार नाही, राहिलंय ते सांभाळा, आणि सायकल-स्कूटर आजपासून बंद. मी मान हलवली आणि घरी आलो. डोळ्यांत घालायचे थेंब थंड जागी ठेवायचे असतात. फ्रीजमध्ये ठेवले तर निरू बघेल, म्हणून मी ते माठाखाली ओल्या फडक्यात ठेवतो.

तू म्हणशील, मग बंद कर. कशी करू? बंद केली तर कारण सांगावं लागेल. कारण सांगितलं की ती घरात बसेल, माझी शुश्रूषा करत. बेचाळीस वर्षांची बाई, आधी नवऱ्याचं केलं, आता आंधळ्या सासऱ्याचं. तिच्या कपाळी मी हे लावू? त्यापेक्षा रिक्षाने उडवलेलं परवडलं.

येत्या २८ तारखेला विश्वासचा वाढदिवस आहे. ग्रुपने त्याच्या नावाने मोठी फेरी ठेवली आहे, हायवेवरून वासदपर्यंत. पुढे बॅनर, मागे आम्ही दोघं. गजेंद्रने बॅनरवर त्याचा फोटो घातलाय, हसरा. तू म्हणालीस त्याच्यावर लिही. काय लिहू, ताई? त्या फोटोकडे मला बघवत नाही.

निरूला यातलं काही सांगितलंस तर मी तुझं तोंड बघणार नाही.

दत्तू


बडोदे
१६ फेब्रुवारी २०१६

ती. आत्या,

तुमचं पत्र मिळालं होतं. उत्तर लिहायचं राहिलं, मन लागत नाही.

नाना गेल्या आठवड्यात सायकलवरून पडले. तेव्हापासून, खरं तर त्याआधीपासूनच, त्यांचं माझ्याशी काहीतरी बिनसलंय. मी चहा त्यांच्या डाव्या हाताला टीपॉयवर ठेवते, तो तसाच गार होतो. परवा मी झोपाळ्याशेजारी जाऊन उभी राहिले, किती तरी वेळ, त्यांनी मान वळवून बघितलंसुद्धा नाही. बोलले तर एकदम दचकले, आणि मग "तू कधी आलीस?" म्हणून माझ्यावरच चिडले. स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेले की माठापाशी घुटमळतात, मी आले की निघून जातात.

मला कळतं, आत्या. मुलगा गेला आणि सून राहिली. रोज माझं तोंड बघायचं म्हणजे त्यांना आठवणार तोच. मी त्यांना नकोशी झालेय. सरळ म्हणणार नाहीत, घरंदाज माणूस. बँकेत नाशिकला बदली मागता येईल, माझी आई तिथे आहेच. अर्ज लिहून ठेवलाय. २८ तारखेची ती मोठी फेरी तेवढी करते, त्यांचा मान राहू दे, आणि १ मार्चला अर्ज देते. त्यांना माझ्या जाण्याने सुटल्यासारखंच वाटेल.

आधी तुम्हाला सांगावंसं वाटलं.

निरू


देवास
२२ फेब्रुवारी २०१६

दत्तू आणि निरू,

हे एकच पत्र आहे. शब्द न शब्द तोच, दोनदा लिहिलंय आणि दोन पाकिटांत घातलंय. पोस्टात सूनबाई टाकत नाही, मी स्वतः जाते आहे.

दत्तूने मला आईची शपथ घातली, निरूने स्वतःची. दोन्ही मोडते. आई वर आहे, तिचं मी बघून घेईन.

दत्तू, निरूला सायकल तुझ्यापेक्षा चांगली येते. तिची चेन कधी पडली नाही. तिला सायकलीचा मनापासून तिटकारा आहे. ती येते ती तुझ्यासाठी, कारण गजेंद्रने तिला सांगितलं की तिच्यावाचून तू यायचा नाहीस.

निरू, हेच गजेंद्रने दत्तूला तुझ्याबद्दल सांगितलं. त्याचे गुडघे गेलेत, रविवार नको वाटतो. तो येतो तो तुझ्यासाठी. तू त्याच्या मागे राहायला बघतेस, तो तुझ्या मागे राहायला बघतो, आणि ती बिचारी माणसं उपाशी. गजेंद्रच्या मनात वाईट नव्हतं. पण एका घरात राहून तुम्ही एकमेकांना एक शब्द विचारला नाहीत, तो काय करणार.

आता महत्त्वाचं. निरू, दत्तूला झामर झालाय. डावीकडचं दिसत नाही. चहा त्याला दिसत नाही गं, म्हणून गार होतो. तू डावीकडे उभी राहिलीस तर तू तिथे आहेस हे त्याला कळत नाही. रिक्षाही दिसली नव्हती. औषध माठाखाली आहे. डॉक्टरने सायकल बंद सांगितली आहे आणि हा शहाणा २८ तारखेला हायवेवर निघालाय.

दत्तू, ती तुला सोडून नाशिकला जायच्या विचारात आहे, कारण तू तिच्याकडे बघत नाहीस. तुला ती नकोशी झाली आहे असं तिला वाटतं. आता तिच्याकडे तोंड वळवून सांग काय ते.

मीही चुकले. मला वाटलं, चाललंय तसं चालू द्यावं, दोघांचं भलं होतंय. भलं कसलं, दोघं थकत चालला होतात.

अहल्या


बडोदे
३ मार्च २०१६

ताई,

तुझ्याशी बोलायचं नाही असं ठरवलं होतं. पण तुला ऐकूच येत नाही, तर न बोलून उपयोग काय? म्हणून लिहितो. तू आईची शपथ मोडलीस, हे मी विसरणार नाही.

पत्रं शुक्रवारी आली, दोन्ही एकदम. माझं वाचलं. निरूचं तिच्या टेबलावर ठेवलं. फाडून टाकावं असं मनात आलं, हातही गेला होता. संध्याकाळी ती आली, दार लोटून बसली. शुक्रवार गेला, शनिवार गेला, दोघांनी त्यावर एक अक्षर काढलं नाही. शनिवारी पाणी प्यायला गेलो तर माठाखाली फडकं नव्हतं. बाटली फ्रीजमध्ये, दारातल्या कप्प्यात, समोरच.

रविवारी पहाटे जागा होतो. कान देऊन पडलो होतो, ती उठते का बघायला. ती उठली असती तर मीही उठलो असतो, गाढवासारखा. तिच्या खोलीतून आवाज नाही. मग गेटाशी सायकलींच्या घंट्या वाजायला लागल्या. गजेंद्र बॅनर घेऊन आला होता, सगळे रस्त्यावर उभे. मी लेंगा-बनियनवर बाहेर गेलो आणि म्हटलं, "गजेंद्र, अमे नथी आववाना. आजे पण नहीं, पछी पण नहीं." तो एवढा मोठा बाप्या, रडायला लागला. म्हणाला, "काका, मला वाटलं तुम्ही नसलात तर विश्वास खरोखरच गेला असं होईल." मी म्हटलं, "तो गेलाच आहे रे." ताई, हे मी पहिल्यांदा बोललो. मागे बघितलं तर निरू दारात उभी. उजवीकडे उभी होती म्हणून दिसली.

त्यांना म्हटलं, तुम्ही जा, आणि पोचल्या पोचल्या खा. गेले.

अपमान तर वाटतोच. सहा महिने मला लहान मुलासारखं फिरवलं. घरात अजून फार बोलणं नाही. नाशिकचं मी विचारलं नाही, तिने सांगितलं नाही. कसं विचारू? उद्या ती मला डॉक्टरकडे नेणार आहे म्हणे. मला न विचारता वेळ घेतली.

दत्तू


बडोदे
२० मार्च २०१६, रविवार

ती. आत्या,

नऊ वाजलेत आणि मी अजून आंघोळ केलेली नाही. झोपाळ्यावर बसून लिहितेय. नाना पलीकडच्या टोकाला पेपर वाचताहेत, मी त्यांच्या उजव्या बाजूला.

तुमच्यावर मी पण रागावले होते. दोन दिवस तुमचं पत्र उशीखाली घेऊन पडले होते. लाज वाटत होती, चहाची सगळ्यात जास्त. किती कप मी रागाने मोरीत ओतले, आत्या.

डॉक्टर म्हणाले, औषध नीट घेतलं तर उरलेली दृष्टी टिकेल. नीट घेतलं तर. आता थेंब मी घालते. नाना पहिल्या दिवशी म्हणाले, "मी काय कुकुलं बाळ आहे?" मी म्हटलं, "वर बघा." बघितलं.

परवा जेवताना त्यांनी एकदम विचारलं, "सायकल आवडत नाही, तर तुला आवडतं काय?" इतक्या वर्षांत मला कुणी असं विचारलंच नव्हतं. मी म्हटलं, "झोप." ते म्हणाले, "मलाही." मग बराच वेळ आमटी भुरकत होते. मग म्हणाले, "विश्वास दर रविवारी तुला टाकून जायचा, तेव्हा मी त्याला बोलायला हवं होतं. मला राग यायचा. पण म्हटलं, नवरा-बायकोत आपण कशाला पडा." मी ताटावर रडले. त्यांनी पाण्याचा पेला पुढे सरकवला. बस, एवढंच.

पण लिहायला बसले ते कालचं सांगायला. नानांना पंचे हवे होते, लहरीपुऱ्यात गेलो. शनिवारची संध्याकाळ, होळी तोंडावर आलेली, पिचकाऱ्यांची दुकानं रस्त्यापर्यंत आलेली, पाय ठेवायला जागा नाही. डावीकडून एक ॲक्टिव्हा सुसाट आली. नाना सरळ तिच्यात चालले होते. मी त्यांचा हात धरून ओढला. आपल्या घरात सुनेने सासऱ्याचा हात धरायची रीत नाही, तुम्हाला माहीत आहे. लग्नाला अठरा वर्षं झाली, वाकून नमस्कार करण्यापलीकडे मी त्यांना कधी शिवलेले नाही. नाना एकदम ताठ झाले. म्हणाले, "सोड, सोड. भर बाजारात, लोक बघताहेत."

माझ्या तोंडून निघून गेलं, "बघेनात का! तुम्हाला कुठे दिसताहेत?"

बोलले आणि जीभ चावली. वाटलं, आता संपलं सगळं, सोमवारी खरंच अर्ज द्यावा लागणार. नाना माझ्याकडे बघत राहिले, मान पूर्ण वळवून. आणि मग हसायला लागले, आत्या. असे हसले की त्यांना उभं राहवेना, एका पिचकारीवाल्याच्या टेबलाला धरून हसत होते. विश्वास गेल्यापासून आमच्या घरात कुणी हसलेलं नव्हतं. मी पण हसत होते, रडत होते, काय करत होते मला माहीत नाही. मागे रिक्षावाला हॉर्न वाजवून ओरडत होता, "काका, बाजूमां आवो ने!"

हात मी सोडला नाही. त्यांनी परत "सोड" म्हटलं नाही. तसेच आम्ही पंचे घ्यायला गेलो.

तुमची,
निरू